बाबांना पेपर वाचता येतो, मग पायाजवळची बादली का दिसत नाही? काचबिंदूची तपासणी समजून घेऊ

दिवाळीला मोताळ्याला घरी गेलो होतो. चांगल्या सकाळच्या उन्हात बाबांनी अंगणातल्या भरलेल्या बादलीला पाय लावला आणि सगळं पाणी सांडलं. आई ओरडली, बाबा हसले. दुसऱ्या दिवशी शेतात ठिबकच्या नळीत त्यांचा पाय अडकला. तिसऱ्या दिवशी मोटारसायकल काढताना शेजाऱ्यांची शेळी थोडक्यात वाचली. मी विचारलं, "बाबा, दिसते ना बराबर?" त्यांनी समोरचा 'देशोन्नती' उचलला, चष्मा लावला आणि एक बारीक टायपातली जाहिरात धडाधड वाचून दाखवली. "पाह्य. मले तं सारं दिसते. तुह्याच डोयाले नंबर हाय."

ते खोटं बोलत नव्हते. दोन वर्षांपूर्वी एका तपासणी शिबिरातही त्यांनी तक्त्यावरची खालची ओळ वाचली होती. तिथे डोळ्यावर हवेचा फुगारा मारून प्रेशर मोजलं, 'नॉर्मल' असं लिहिलं, मोतीबिंदूची सुरुवात आहे, पिकला की काढू म्हणून सांगितलं आणि चष्मा दिला. आम्ही सगळे निवांत. मी सुद्धा. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत दिवसभर दुसऱ्यांच्या सिस्टिममधले बिघाड शोधतो, आणि घरातल्या माणसाच्या बाबतीत एका आकड्यावर विश्वास ठेवून मोकळा झालो.

बाबांना काचबिंदू निघाला. दोन्ही डोळ्यांत. त्यानंतरच्या काही महिन्यांत डॉक्टरांना मी इतके प्रश्न विचारले की शेवटी ते म्हणाले, "तुम्ही लिहूनच काढा हे सगळं." म्हणून हा लेख. मी डॉक्टर नाही. मशीन काय मोजतं, कसं मोजतं आणि कुठे फसतं, एवढं मला जे समजलं ते सांगतो.

आधी फोन हातात घ्या, एक प्रयोग करू

नोट्स किंवा चित्र काढायचं कुठलंही ॲप उघडा. फोन आडवा धरा, स्क्रीन फिरणं बंद करा. पांढऱ्या पानावर डाव्या टोकाला अधिकचं चिन्ह काढा. त्याच्या उजवीकडे साधारण सात सेंटिमीटरवर करंगळीच्या नखाएवढं काळं टिंब काढा. आता डावा डोळा हाताने झाका. उजव्या डोळ्याने फक्त अधिकच्या चिन्हाकडे बघा, टिंबाकडे अजिबात नाही. फोन चेहऱ्यापासून पंचवीस-सव्वीस सेंटिमीटरवर धरून हळूहळू मागेपुढे करा.

एका ठिकाणी टिंब गायब होईल.

आता महत्त्वाचं. टिंबाच्या जागी काळं भोक दिसलं का? नाही. तिथे पांढरंच पान दिसलं. डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस जिथून बाहेर पडते, तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. हा आंधळा डाग तुम्हा-आम्हा सगळ्यांना जन्मापासून आहे. पण मेंदू आजूबाजूचा रंग आणि पोत घेऊन ती जागा भरून टाकतो. गॅलरीत फोटोतला नको असलेला माणूस बोटाने खोडला की ॲप तिथे मागची भिंत रंगवून देतं ना, तसंच. फरक एवढाच की ॲप निदान विचारतं तरी.

काचबिंदूत असे नवे डाग तयार होत जातात आणि मेंदू तेही त्याच सफाईने भरत जातो. इंटरनेटवर काचबिंदूचं चित्र म्हणून मध्ये उजेड आणि भोवती काळा बोगदा असा फोटो सगळीकडे दिसतो. तो बहुतेकांच्या बाबतीत चुकीचा आहे. २०१३ मध्ये लंडनच्या संशोधकांनी काचबिंदूच्या रुग्णांना वेगवेगळी चित्रं दाखवून 'तुम्हाला जग यातलं कसं दिसतं' असं विचारलं. काळ्या बोगद्याचं चित्र एकानेही निवडलं नाही. त्यांना दिसत होती ती धूसर जागा, किंवा वस्तूच नाहीशी झालेली जागा. रस्ता आहे, झाड आहे, फक्त माणूस नाही.

बाबांना बादली दिसली नव्हती. बादलीच्या जागी त्यांना अंगण दिसलं होतं. शिवाय एका डोळ्यात जे निसटतं ते बऱ्याचदा दुसरा डोळा पकडतो. आणि अक्षरं वाचायला लागतो तो नजरेचा अगदी मधला भाग, जो काचबिंदूत बहुधा शेवटी जातो. त्यामुळे तक्ता वाचता आला म्हणजे डोळे ठीक, असं होत नाही.

ठिबकचा फिल्टर आणि डोळ्यातलं पाणी

डोळ्याच्या पुढच्या भागात स्वच्छ पाणी सतत तयार होतं. अश्रूंशी याचा संबंध नाही; हे आतलं पाणी. बुबुळाच्या मागे एक छोटा 'पंप' मिनिटाला साधारण दोन ते अडीच मायक्रोलिटर पाणी बनवतो. पुढच्या कप्प्यात मावतं सुमारे पाव मिलिलिटर. हिशोब केला तर दीड-दोन तासांत सगळं पाणी बदलतं. पारदर्शक पडदा आणि बुबुळ जिथे मिळतात त्या कोपऱ्यात बारीक जाळी असते. तिच्यातून हे पाणी गाळून रक्तात परत जातं.

आमच्या भागात ज्यांच्या शेतात ठिबक आहे त्यांना पुढचं सांगायलाच नको. पंप चालू आहे, फिल्टर तुंबला, की फिल्टरच्या अलीकडच्या मीटरचा काटा चढतो. बाबांना डॉक्टरांचं बोलणं समजलं नाही, पण मी फिल्टरचं उदाहरण दिल्यावर ते लगेच म्हणाले, "मंग धुऊन काढा ना जाळी." (पुढे येईल, एका प्रकारच्या लेझरमध्ये जवळपास तेच करतात.)

जाळी हळूहळू तुंबत गेली तर तो उघड्या कोनाचा काचबिंदू. यात दुखत नाही, लाल होत नाही, काहीच कळत नाही. दुसऱ्या प्रकारात जाळी चांगली असते, पण बुबुळ पुढे सरकून तिच्यावर बसतं. फिल्टरच्या तोंडावर काळी पन्नी येऊन चिकटावी तसं. हा बंद कोनाचा काचबिंदू. भारतासह आशियात याचं प्रमाण युरोपपेक्षा जास्त आढळतं. तोही बऱ्याचदा गुपचूप वाढतो, पण कधी कधी अचानक पूर्ण बंद होतो: डोळ्यात आणि डोक्यात भयानक कळ, उलट्या, डोळा लाल, दिव्याभोवती रंगीत कडी, धूसर दिसणं. अशा वेळी पित्त झालं म्हणून गोळी देऊन झोपवू नका. त्याच रात्री डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. काही तासांचा उशीरही महाग पडतो.

वाढलेला दाब डोळ्यात सगळीकडे सारखाच असतो, पण मार बसतो सगळ्यात नाजूक जागेवर. दृष्टीची नस म्हणजे दहा-बारा लाख तंतूंची केबल. ती डोळ्याच्या मागच्या भिंतीतल्या चाळणीसारख्या भागातून बाहेर पडते. तिथे तंतू दबतात, त्यांचं पोषण बिघडतं आणि ते एकेक करून मरतात. मेलेला तंतू परत येत नाही. आजच्या घडीला त्यावर कुठलंही औषध, लेझर किंवा शस्त्रक्रिया नाही. मोतीबिंदूत भिंग धूसर होतं, ते बदललं की दिसतं. इथे कॅमेऱ्याची काच ठीक आहे, मदरबोर्डकडे जाणारी केबल तुटतेय. दोन्ही नावांत 'बिंदू' असल्यामुळे घोळ होतो, आणि 'पिकू द्या, मग बघू' हे वाक्य काचबिंदूच्या माणसाला सगळ्यात जास्त नडतं.

प्रेशर 'नॉर्मल' होतं, मग?

हा प्रश्न मी बुलढाण्याच्या डॉक्टरांना थोडा रागातच विचारला. राजूर घाट चढून एसटीने गेलो होतो. बाबा वैतागले होते, "काहून खर्च करतं रे फुकटचा."

डॉक्टरांनी डोळ्यात सुन्न करणारा थेंब टाकला, पिवळा रंग लावला आणि निळ्या उजेडात एक छोटा प्रिझम बुबुळाच्या पारदर्शक पडद्यावर अलगद टेकवला. हे गोल्डमन टोनोमीटर. स्वित्झर्लंडच्या हान्स गोल्डमन यांनी १९५० च्या दशकात बनवलं आणि अजूनही यालाच प्रमाण मानतात. कल्पना साधी आहे. फुगा किती टणक फुगलाय हे बोटाने दाबून कळतं. इथे पडद्याचा ३.०६ मिलिमीटर व्यासाचा गोल सपाट करायला किती जोर लागतो ते मोजतात. व्यास असा विचित्र का? कारण त्या मापावर पडद्याचा ताठरपणा आणि अश्रूंची ओढ एकमेकांना जवळपास खोडून काढतात, आणि एक ग्रॅम जोर म्हणजे बरोबर दहा मिलिमीटर पारा असा सोपा हिशोब बसतो. इंजिनिअर म्हणून मला हे फार आवडलं.

साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा हा नेहमीचा दाब धरतात. बाबांचा आला १९ आणि २०. म्हणजे नॉर्मलच!

मग डॉक्टरांनी पडद्याची जाडी मोजली. ४९६ आणि ४९९ मायक्रॉन. युरोपीय वंशाच्या लोकांत ती साधारण ५५० च्या आसपास असते. पातळ पडदा कमी जोरात सपाट होतो, म्हणून मशीन खऱ्यापेक्षा कमी दाब दाखवतं. आणि ही एकट्या बाबांची गोष्ट नाही. २००६ ते २००८ या काळात नागपूरजवळच्या खेड्यांत 'सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी' नावाचा मोठा अभ्यास झाला. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाचे योस्ट योनास त्यात होते. तिशीच्या पुढचे ४,७११ गावकरी तपासले गेले. त्यांच्या पडद्याची सरासरी जाडी निघाली ५१४ मायक्रॉन. म्हणजे आपल्या विदर्भातल्या माणसाचं 'नॉर्मल' वाचताना हा फरक डोक्यात ठेवावा लागतो. जाडीवरून दाब दुरुस्त करायचं असं एखादं सूत्र असेल, असं मला वाटलं होतं. सूत्रं बरीच आहेत, पण डॉक्टर त्यातल्या कुठल्याच सूत्रावर पूर्ण विसंबत नाहीत. पातळ पडदा हा वेगळा धोका म्हणून नोंदवतात.

त्यातही दाब दिवसभर बदलत राहतो. आणि काही लोकांची नस खरोखरच्या नॉर्मल दाबातही खराब होते. म्हणून फक्त प्रेशर मोजून काचबिंदू नाही असं म्हणणं, हे सीपीयूचं तापमान एकदा बघून लॅपटॉप ठणठणीत आहे म्हणण्यासारखं झालं.

कोन, नस आणि तो कंटाळवाणा 'गेम'

पुढची तपासणी कोनाची, म्हणजे त्या जाळीच्या कोपऱ्याची. तो कोपरा समोरून दिसतच नाही. तिथून निघालेला प्रकाश पडद्याच्या आतल्या बाजूला इतका तिरका आदळतो की बाहेर न पडता आतच परावर्तित होतो. ऑप्टिकल फायबरमध्ये इंटरनेट ज्या तत्त्वावर चालतं तेच हे. म्हणून डॉक्टर आरसे बसवलेलं भिंग डोळ्यावर टेकवून कोपऱ्यात डोकावतात. ही तपासणी बाहुली मोठी करण्याचे थेंब टाकायच्या आधी व्हायला हवी, कारण कोन अरुंद असेल तर त्या थेंबांनी तो बंद पडू शकतो. बाबांचा कोन उघडा निघाला.

मग बाहुली मोठी करून नसेचं तोंड पाहिलं. ते एका बशीसारखं दिसतं आणि मध्ये वाटीसारखा खळगा असतो. तंतू मेले की बशीची कड पातळ होते आणि वाटी मोठी होत जाते. बाबांची वाटी बशीच्या तीन चतुर्थांशापेक्षा मोठी झाली होती. (या थेंबांनंतर चार-पाच तास उन्हात डोळे दिपतात. गॉगल न्या आणि गाडी दुसऱ्याला चालवू द्या. आम्ही दोन्ही विसरलो होतो. नशीब, एसटीने गेलो होतो.)

फील्ड आणि ओसीटी या दोन चाचण्यांसाठी मलकापूरहून रेल्वेने अकोल्याला गेलो.

फील्ड म्हणजे दृष्टीचा नकाशा. पांढऱ्या अर्धगोलात तोंड घालून बसायचं, एक डोळा झाकलेला, समोरच्या दिव्यावर नजर रोखायची आणि बाजूला कुठेही ठिपका चमकला की बटण दाबायचं. नेहमीच्या २४-२ नावाच्या चाचणीत ५४ जागा तपासतात. प्रत्येक जागी ठिपका मंद-तेज करत सगळ्यात मंद कुठला दिसतो ते शोधतात. निकाल डेसिबलमध्ये येतो आणि तो लॉगरिदमिक असतो: दर १० डेसिबलला उजेड दहापट. म्हणजे जिथे निरोगी माणसाला ३० मिळतात तिथे तुम्हाला १० मिळाले, तर तुम्हाला शंभरपट तेज ठिपका लागतोय.

पहिल्या वेळी बाबांनी हा व्हिडिओ गेम समजून धडाधड बटणं दाबली. मशीनने पकडलं. कसं? मघाशी आपण फोनवर जो आंधळा डाग शोधला, मशीन मधूनच मुद्दाम त्याच जागी ठिपका टाकतं. नजर नीट रोखलेली असेल तर तो दिसायलाच नको. बाबांनी तिथेही बटण दाबलं होतं, म्हणजे डोळा इकडेतिकडे फिरत होता. शिवाय ठिपका नसतानाही दाबलं. अहवालावर 'विश्वासार्ह नाही' असा शेरा. तंत्रज्ञ ताईंनी न चिडता चहा पाजला आणि म्हणाल्या, "काका, सगळे ठिपके कोणालाच दिसत नाहीत. मशीन मुद्दाम न दिसणारे टाकते. चुकलं असं समजू नका." दुसऱ्या वेळी नकाशा नीट आला. दोन्ही डोळ्यांत मधल्या रेषेच्या खाली कमानीसारखा राखाडी-काळा पट्टा. बादली, नळी आणि शेळी तिघीही त्याच पट्ट्यात होत्या.

हा नकाशा पाहून बाबा पहिल्यांदा गप्प झाले. गाडी येईपर्यंत काही बोलले नाहीत.

ओसीटी: प्रकाशाचा प्रतिध्वनी

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना हीच चाचणी आवडेल. ओसीटी १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत डेव्हिड हुआंग, जेम्स फुजिमोतो आणि सहकाऱ्यांनी जगासमोर आणली. सोनोग्राफीत आवाज पाठवून प्रतिध्वनी ऐकतात, इथे प्रकाश पाठवतात. अडचण अशी की प्रकाश फार वेगवान. काही मायक्रॉनचा फरक वेळ मोजून पकडायचा तर सेकंदाच्या लाख-अब्जाव्या भागाइतकं बारीक घड्याळ लागेल, आणि असं कुठलंही इलेक्ट्रॉनिक सर्किट नाही. मग युक्ती केली: किरणाचे दोन भाग करायचे, एक डोळ्यात आणि एक आरशाकडे. परतलेले दोन्ही किरण पुन्हा एकत्र केले की त्यांच्या लाटा एकमेकींना कुठे वाढवतात आणि कुठे मारतात यावरून खोली कळते. घड्याळच नको. पडद्याला हात न लावता त्याचा उभा छेद मिळतो, थर मोजता येतात.

काचबिंदूसाठी नसेच्या भोवती गोल फिरून तंतूंच्या थराची जाडी मोजतात. निरोगी प्रौढात सरासरी साधारण ९० ते १०० मायक्रॉन. बाबांची ६८ आणि ७१. सगळ्यात पातळ जागा वरची. डोळ्याचं भिंग चित्र उलटं पाडतं, म्हणून वरचे तंतू गेले की नजरेचा खालचा भाग जातो. फील्डमधली कमान खाली, ओसीटीतली झीज वर. दोन अगदी वेगळ्या मशीनची साक्ष जुळली, तेव्हा निदान पक्कं झालं. मला कामातली जुनी सवय आठवली: एकाच लॉगवरून बग ठरवायचा नाही.

ओसीटीच्या कागदावर हिरवा, पिवळा, लाल असे रंग येतात. ते कशाचे असतात ते बघा. कंपनीकडे त्याच वयाच्या निरोगी लोकांचा डेटाबेस असतो. त्यातल्या सगळ्यात पातळ ५ टक्क्यांत तुम्ही आलात की पिवळा, १ टक्क्यात आलात की लाल. म्हणजे दर वीस निरोगी माणसांत एकाला पिवळा रंग मिळणार, हे गणितातच बसवलेलं आहे. मोठा मायनस नंबर असेल तर तंतूंची मांडणीच थोडी सरकलेली असते आणि आजार नसताना लाल दिसू शकतो. डोळा हलला किंवा सॉफ्टवेअरने थराची रेष चुकीच्या जागी ओढली तरी लाल. त्यामुळे ओसीटीचा फोटो चॅटबॉटला टाकून 'मला काचबिंदू आहे का' विचारू नका. मी विचारलं होतं. दोनदा दोन वेगळी उत्तरं आली.

उलटही होतं. फील्डमध्ये दोष दिसायला लागेपर्यंत एक चतुर्थांशाहून जास्त पेशी गेलेल्या असू शकतात, म्हणून सुरुवातीला ओसीटी पुढे असते. आजार खूप वाढला की थर एका मर्यादेखाली पातळ होतच नाही आणि ओसीटी आंधळी होते. तिथून पुढे फील्डवरच लक्ष ठेवावं लागतं.

उपचार, म्हणजे बहुतांशी एक थेंब आणि कालनिर्णय

आज बदलता येतो तो एकच आकडा, दाब. स्वीडनमधल्या एका मोठ्या चाचणीत दाब दर एक मिलिमीटरने कमी केल्यावर आजार पुढे सरकण्याचा धोका सुमारे १० टक्क्यांनी घटलेला दिसला. डॉक्टरांनी बाबांसाठी १३-१४ चं लक्ष्य ठरवलं.

लॅटानोप्रोस्टसारखे थेंब पाण्याला बाहेर जायची दुसरी वाट मोकळी करतात. रोज रात्री एकदा. टिमोलोल पंपच मंद करतं, पण ते रक्तात उतरून छातीवर परिणाम करू शकतं. घरात दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. एकच थेंब पुरतो, डोळ्यात त्याहून जास्त मावत नाही. टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा, म्हणजे औषध नाकात आणि पुढे रक्तात जात नाही. दुसरा थेंब असेल तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची.

लॅटानोप्रोस्टच्या न उघडलेल्या बाटलीला बहुतेक वेळा २ ते ८ अंश लागतात, आणि उघडल्यावर ती २५ अंशांपर्यंत सहा आठवडे चालते. मोताळ्याच्या मे महिन्यात पंचवीस अंश कुठे शोधायचे? पारा चाळीसच्या वर, त्यात लाइट गेलेली. आमच्याकडे बाटली कायम फ्रीजच्या दारात, लोण्याच्या वाटीशेजारी असते. बाटलीवर उघडल्याची तारीख मार्करने लिहितो. बाहेर ठेवता येतील असे प्रकारही मिळतात, लिहून घेतानाच विचारा.

खरी अडचण आठवणीची. थेंबाने बाबांना काही बरं वाटत नव्हतं, थोडी जळजळच व्हायची, आणि पापण्यांचे केस लांब व्हायला लागले. "कायले टाकू? काही फरक तं पडत नाही." मी त्यांच्या फोनसाठी रिमाइंडरचं ॲप लिहिलं. मोठं बटण, मराठी सूचना, मला पुण्यात नोटिफिकेशन. चार दिवसांत त्यांनी ते बंद केलं, कारण रात्री मालिकेच्या मध्येच वाजायचं. शेवटी आईने भिंतीवरचं कालनिर्णय धरलं. थेंब टाकला की तारखेवर पेनाने टिंब. गेल्या पाच महिन्यांत तीनच तारखा रिकाम्या आहेत. माझ्या ॲपपेक्षा आईची सिस्टिम भारी, हे मान्य करतो. दाब आता १३ आणि १४.

थेंब पुरेनात किंवा जमेनात तर लेझर. उघड्या कोनात जाळीवर सौम्य लेझर मारून ती मोकळी करतात. बाबांची 'धुऊन काढा' वाली कल्पना. ब्रिटनमध्ये ७१८ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सुरुवातीलाच हा लेझर घेतलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्के जणांना तीन वर्षांनंतरही थेंबांची गरज पडली नव्हती. बाबांबाबत तो पर्याय डॉक्टरांनी पुढे खुला ठेवलाय. बंद कोनात वेगळा लेझर वापरतात: बुबुळाला बारीक छिद्र पाडून पाण्याला आडवाट देतात. त्याहीपुढे शस्त्रक्रिया, ज्यात वरच्या पापणीखाली पाण्यासाठी नवी वाट काढतात किंवा छोटी नळी बसवतात. अशी नळी मदुराईच्या ऑरोलॅबमध्येही बनते, आयात नळ्यांपेक्षा बरीच स्वस्त. यातलं काहीही गेलेली नजर परत आणत नाही.

तुम्ही तिशीच्या आतले आहात, तुमचा काय संबंध?

दोन ठिकाणी आहे. पहिलं, मेडिकलमधून स्वतःच आणलेले थेंब. आमच्याकडे सोयाबीनच्या मळणीत धुळीने डोळे खाजतात. दुकानात सांगितलं की 'लाली उतरेल' म्हणून एक बाटली मिळते. खाज खरंच जादूसारखी जाते, म्हणून लोक महिनोन् महिने टाकतात. बाटलीवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन किंवा बीटामेथासोन असं नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. काही लोकांत त्याने जाळी तुंबते आणि विशी-पंचविशीतच काचबिंदू होतो. डॉक्टरांनी ठरवलेल्या दिवसांसाठी हेच औषध गुणकारी आहे. घातक आहे ते मनाने चालू ठेवणं. इंजिनिअरिंगच्या होस्टेलमध्ये मी असा एक थेंब जवळजवळ वर्षभर वापरला होता. तेव्हा लेबल कधी वाचलंच नाही.

दुसरं, रक्ताचं नातं. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम अभ्यासात काचबिंदूच्या रुग्णांच्या सख्ख्या नातेवाइकांना ऐंशीव्या वर्षापर्यंत काचबिंदू होण्याचा धोका सुमारे २२ टक्के निघाला, इतरांना २.३ टक्के. आई-बाबा, सख्खी भावंडं यांच्यात कोणाला असेल तर तपासणी करून घ्या, आणि पर्चीवर 'घरात काचबिंदू आहे' हे ठळक लिहायला सांगा. त्याशिवाय बऱ्याच ठिकाणी फक्त नंबर काढून पाठवतात. फोनवरची 'आय टेस्ट' ॲप्स बहुतेक मधली नजरच तपासतात, ती इथे कामाची नाहीत. फोनला जोडून नसेचा फोटो काढणारे चांगले कॅमेरे आलेत, बंगळूरच्या रेमिडिओचा एक आहे, पण ते तपासणी करणाऱ्याच्या हातात देण्यासाठी. सेल्फी कॅमेऱ्याने डोळ्याचा दाब कळत नाही.

बाबांनी निदानाच्या आठवड्यातच धामणगाव बढ्याच्या आत्याला फोन केला. "ताई, तू पेपर वाचतं ना? वाचता येते म्हणून बसू नोको. चाल बुलढाण्याले." आत्याचा कोन अरुंद निघाला, नस अजून चांगली आहे. पुढच्या आठवड्यात तिचा लेझर आहे.

माझीही तपासणी झाली. वय २८, नंबर मायनस पाच, दाब १६ आणि १७, फील्ड स्वच्छ, ओसीटीत डाव्या डोळ्याला एक पिवळा चतकोर. मायनस नंबरमुळे असेल, किंवा वीसात एक असतो त्यातला असेल. डॉक्टर म्हणाले, आज याचा अर्थ काहीच लावायचा नाही. वर्षभराने याच मशीनवर परत मोजू आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून बघू. त्या कागदाचा स्कॅन, मशीनच्या मॉडेलच्या नावासकट, बाबांच्या फोल्डरशेजारीच सेव्ह करून ठेवलाय.